भाग ३७ : जुन्या कॅम्पर व्हॅनमधून लांबचा प्रवास – इंजिन, घाट आणि ब्रेक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय. फक्त मधले 'अं...' आणि शेजारच्यांचा ड्रिल मशीनचा आवाज काढून टाकलाय.)



मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेलो होतो की या उन्हाळ्यात आम्ही १९७७ सालच्या फोक्सवॅगन कॅम्परमधून म्युनिकहून क्रोएशियाला जाऊन आलो. त्यावर इतके मेल आले की मी चकितच झालो. निम्म्या लोकांनी विचारलं, भाडं किती पडतं? उरलेल्या निम्म्यांनी लिहिलं, भारी, आम्हालाही करायचंय, फोटो पाठव. ब्रेक कसे होते, असं एकानेही विचारलं नाही! म्हणून आजचा सगळा भाग मी फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींवर ठेवलाय. जायला नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. जा. पण ही गाडी कशी चालते ते समजून घेऊन जा, कारण ती आपल्या आत्ताच्या गाड्यांसारखी चालत नाही.

आधी गाडीची ओळख. १९४७ मध्ये बेन पॉन नावाच्या एका डच माणसाने वहीत एक चित्र काढलं. हा माणूस हॉलंडमध्ये फोक्सवॅगनच्या गाड्या आयात करायचा. पुढे-मागे सारखीच दिसणारी एक पेटी, तिच्या पोटात बीटलचं इंजिन मागच्या टोकाला, आणि चालक अगदी पुढच्या टोकाला. १९५० मध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडायला लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात मांडायला पलंग-कपाटांचा एक संच काढला आणि साध्या मालवाहू गाडीची कॅम्पर झाली. आमची होती दुसरी पिढी, म्हणजे १९६७ ते १९७९ वाली, गोल चेहऱ्याची, छत वर उघडणारी. जर्मनीत हे मॉडेल थांबलं तरी ब्राझीलमध्ये ते २०१३ पर्यंत बनत होतं, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

एक गंमत सांगतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गाडी पहिल्यांदा बघितली आणि म्हणाले, "ही तर आपली मॅटॅडोर!" मी हसलो. नंतर वाचलं तर नातं खरंच आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो जी मॅटॅडोर बनवायची, तिचं नाव आणि घराणं हँबर्गच्या टेम्पो कंपनीकडून आलेलं. आणि १९४९ मध्ये जी पहिली जर्मन टेम्पो मॅटॅडोर निघाली, तिच्यात इंजिन होतं फोक्सवॅगनचं. पुढे फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली आणि त्यांना इंजिनं देणं बंद केलं. म्हणजे चुलत घराणी म्हणा, आणि थोडी भाऊबंदकीही.

गोव्याशीही या गाडीचा संबंध आहे, तो बहुतेकांना माहीत असेल. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्लीला आणि तिथून हणजुण्याच्या किनाऱ्यावर जी हिप्पी मंडळी यायची, त्यातली बरीच अशाच गाड्यांतून यायची. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसलं आणि तो रस्ता बंद पडला. त्याच्यावर एक स्वतंत्र भाग करीन कधीतरी.

आमच्या प्रवासात तिघं होतो. मी, माझी बायको आणि अण्णा. अण्णा ७१ वर्षांचे. एसटीत चालक होते, कऱ्हाड डेपोला, नोकरीची बरीच वर्षं कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाण्यायेण्यात गेली. ही माहिती पुढे लागणार आहे म्हणून सांगतोय. गाडी भाड्याची होती. रस्ता असा: म्युनिक, ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोक्नरचा घाट, स्लोव्हेनियात ब्लेडचा तलाव आणि मग क्रोएशियात पुला. जाऊन-येऊन साधारण १,५०० किलोमीटर, बारा दिवस. तुमचे आई-बाबा भारतातून शेंगेन व्हिसावर येणार असतील तर एक लक्षात ठेवा, क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. त्याआधी एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या माणसाला तिकडे नेलं तर परत येताना पंचाईत व्हायची. आता ती नाही.

हवेवर थंड होणारं इंजिन

आता मुख्य विषय. या गाडीच्या इंजिनाला रेडिएटर नाही. पाणी नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून घेतला आणि विचारलं, "पाणी कुठनं घालायचं?" मी म्हटलं, "अण्णा, कुठूनच नाही." त्यांना ते पटलं नाही. दोन दिवस तो कॅन गाडीत होता, तिसऱ्या दिवशी चहाला वापरला.

पाण्याऐवजी इंजिनावर एक मोठा पंखा आहे. तो हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पात्यांवर मारतो. पंखा फिरतो पट्ट्यावर, म्हणजे फॅनबेल्टवर. आणि पट्टा फिरतो इंजिनाच्या वेगाने. इथे एक मिनिट थांबा, कारण सगळं या एका वाक्यात आहे: इंजिन जितक्या जोरात फिरेल तितका पंखा जोरात फिरणार.

आता चढावर आपण काय करतो? जुनी गाडी आहे, म्हातारी आहे, उगाच ओरडायला नको, असं म्हणून वरच्या गिअरमध्ये, हळू इंजिनावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढवतो. आपल्याला वाटतं आपण तिच्यावर माया करतोय. प्रत्यक्षात पेट्रोल भरपूर जळतंय, उष्णता भरपूर तयार होतेय, आणि पंखा मात्र रेंगाळतोय. इंजिन मारायचा याहून सोपा मार्ग नाही. गिअर खाली टाका, तिला ओरडू द्या, ॲक्सिलरेटर थोडा सैल ठेवा. कानाला वाईट वाटतं, इंजिनाला बरं वाटतं.

दुसरा मुद्दा तोच पट्टा. डॅशबोर्डवर बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा असतो. आपल्या नेहमीच्या गाडीत तो लागला तर माणूस म्हणतो, ठीक आहे, पुढच्या गावात दाखवू. या गाडीत तो दिवा लागला तर तिथल्या तिथे थांबायचं. कारण जो पट्टा डायनॅमो फिरवतो तोच पंखा फिरवतो. पट्टा तुटला असेल तर इंजिनाला हवा शून्य. पुढचं गाव येईपर्यंत इंजिन भाजून निघालेलं असतं. पट्टा बदलणं मात्र सोपं आहे. २१ चा पाना, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं. पुलीचे दोन भाग असतात, मध्ये पातळ चकत्या. चकत्या काढल्या की पट्टा घट्ट होतो, घातल्या की सैल. निघायच्या आधी दारात एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. गाडी देणाऱ्या माणसालाच म्हणा, मला करून दाखव. जो दाखवायला कंटाळतो त्याच्याकडून गाडी घेऊ नका, एवढं माझं साधं मत आहे.

तेल. इंजिनात अडीच लिटर तेल मावतं, बस. आणि आपल्याला माहीत असलेला कागदी ऑइल फिल्टर या १६०० सीसीच्या इंजिनाला नसतोच, नुसती जाळी असते. हे अडीच लिटर तेल वंगणाचं काम करतंच, पण इंजिन थंड ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. म्हणून प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तेलाची कांडी बघायची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, दोन-चार मिनिटं थांबून. अर्धा लिटर कमी म्हणजे पाचवा हिस्सा गेला! आमच्या गाडीने बारा दिवसांत जवळपास लिटरभर तेल खाल्लं, आणि गाडी देणारा म्हणाला की चांगलीच वागली की.

व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड असताना मोजायची. दीड हजार किलोमीटरच्या प्रवासात तुम्हाला ती करावी लागणार नाही, पण निघण्यापूर्वी झालीय ना, हे विचारा. गाडी विकत घेऊन तीन महिने हिंडणार असाल तर मात्र शिकून घ्या.

पेट्रोलची नळी

हे मला वेगळं काढून सांगायचंय. या गाड्या जळतात. म्हणजे सगळ्या नाही, पण जुन्या फोक्सवॅगनवाल्यांच्या कुठल्याही मेळाव्यात जा, एखादा तरी माणूस डोळ्यांसमोर गाडी जळाल्याचं सांगणारा भेटतो. कारण क्षुल्लक असतं. पेट्रोलची रबरी नळी. टाकी मागेच, इंजिनाच्या शेजारी, पत्र्याच्या पडद्यापलीकडे. तिथून नळी इंजिनाकडे येते. रबर जुनं झालं, उष्णतेने कडक झालं, तडकलं की पेट्रोल गरम इंजिनावर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. वर या इंजिनाचा मुख्य सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. मॅग्नेशियम पेटलं की आटोपलंच. पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

नळीला खर्च किती? काही युरो. म्हणून गाडी ताब्यात घेताना मागचं झाकण उघडायला लावा आणि नळ्या हाताने दाबून बघा. मऊ आणि लवचिक हव्यात, क्लिपा घट्ट हव्यात. पेट्रोलचा वास आला तर, 'जुनी गाडी आहे, वास येणारच' हे उत्तर घेऊ नका. वास येता कामा नये. आणि अग्निशामक सिलिंडर चालकाच्या हाताशी हवा. पलंगाखाली, कपाटात, ब्लँकेटच्या मागे असेल तर नसल्यासारखाच.

वायूचंही तसंच. केबिनमधला हीटर इंजिनाच्या धुराड्याभोवती फिरवलेली हवा आत सोडतो. धुराड्याच्या त्या भागाला गंजून भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड सरळ आत. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात पुन्हा आत गॅसची शेगडी. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ लावा. जर्मनीत कॅम्परच्या गॅस जोडणीची दर दोन वर्षांनी तपासणी असते, त्याचा कागद बघायला मागा. आणि थंडी वाजतेय म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही. ब्लेडला रात्री पाऊस पडत होता, अण्णांना थंडी वाजत होती, त्यांनीच सुचवलं. बायको म्हणाली, "अण्णा, त्यापेक्षा मी तुम्हाला माझं स्लीपिंग बॅग देते." ती रात्रभर दोन स्वेटर घालून झोपली.

घाट

आता तो दिवस. ग्रोसग्लोक्नरचा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला. ४८ किलोमीटर, ३६ नागमोडी वळणं, चढ १२ टक्क्यांपर्यंत, आणि सगळ्यात उंच जागा, होखटोर, २,५०४ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अंदाज घ्या. टोल भरून जायचं, रात्री बंद, हिवाळ्यात बंद.

इंजिन आमचं पन्नास घोड्यांचं. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाची ताकद उंचीवर कमी होते कारण हवा विरळ होते. ढोबळ हिशोब, हजार मीटरला दहा टक्के. म्हणजे वर पोचेपर्यंत पन्नासातले साधारण अडतीस घोडे उरले, आणि ओढायचं वजन दोन टनांच्या आसपास. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, वळणांवर पहिला. मागे गाड्या साचल्या की बाजूच्या जागेत थांबून पुढे सोडल्या. सायकलवाल्यांनी ओलांडलं नाही, पण एकदोघे बराच वेळ सोबत होते. अण्णा शेजारी बसून खूश. त्यांना ही गाडी लगेच कळली, कारण एसटीसारखंच यातही चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो. वळणावर आपण स्वतः रस्त्याबाहेर गेलो असं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग स्टिअरिंग फिरवायचं. मला ते जमत नव्हतं, मी लवकर वळवत होतो. ते नुसते "अजून... अजून... आता" असं म्हणत होते.

वर फोटो काढले, सफरचंदाचा स्ट्रुडल खाल्ला. चढ संपला म्हणून मी निवांत झालो. माझ्या डोक्यात धोका सगळा चढाचा होता.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन फार किंचाळत होतं. मागे बायकोला ऐकूही येत नव्हतं. मी तिसरा टाकला आणि ब्रेक वापरायला लागलो. अण्णा म्हणाले, "दुसऱ्यात घे." मी म्हटलं, "अण्णा, जुनं इंजिन आहे, राहू दे." ते गप्प बसले. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणाले, या वेळी आवाज वेगळा होता, "वास येतोय. थांबव." आणि पुढच्या वळणाला मी ब्रेक दाबला तर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं. मऊ. स्पंजावर पाय दिल्यासारखं.

काय झालं होतं ते समजावून सांगतो, कारण हे मलाही नंतर वाचूनच नीट कळलं. दोन टनांची गाडी २,५०४ मीटरवरून खाली हायलिगेनब्लूट गावाला, साधारण १,३०० मीटरवर आणायची. म्हणजे १,२०० मीटर उतार. त्या उंचीत साठलेली जी ऊर्जा आहे तिचं गणित केलं तर उत्तर येतं साडेसहा युनिट. वीजबिलातले युनिट असतात ना, ते. एवढ्या ऊर्जेने सत्तर लिटर गार पाणी उकळेल. ही सगळी उष्णता अर्ध्या-पाऊण तासात कुठेतरी जायला हवी. काही हवेच्या विरोधात जाते, पण संथ चालताना ती फारच थोडी. बाकीची एक तर इंजिन खातं, नाहीतर ब्रेक खातात. गिअर खालचा ठेवला तर चाकं इंजिनाला ढकलतात, इंजिन विरोध करतं, आणि जोरात फिरणारा पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. वर सांगितलं तसं, ओरडणारं इंजिन म्हणजे थंड होणारं इंजिन, आणि उतारावर तर त्यात पेट्रोलही फारसं जळत नसतं. गिअर वरचा ठेवला तर ती सगळी उष्णता पुढच्या दोन चकत्यांत आणि मागच्या दोन ड्रममध्ये. सत्तर लिटर पाण्याचा बंब त्या चार लोखंडी तुकड्यांवर!

ब्रेक तापले की दोन गोष्टी होतात, आणि त्या पायाला वेगवेगळ्या कळतात. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून घसरायला लागलेत. पॅडल मऊ पडून खाली जातंय, म्हणजे ब्रेकचं तेल उकळलंय. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय बुडबुडे दाबतो, ब्रेक नाही. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ प्रकारचं नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ धरलीय. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. वर्षातले दहा महिने गॅरेजमध्ये उभ्या असणाऱ्या गाडीत हेच विसरलं जातं. आमच्या गाडीतलं तेल कधी बदललं होतं? मी विचारलंच नव्हतं. जुनं असेल नसेल, पण तिसरा गिअर मीच टाकला होता.

अण्णांनी हात पुढे करून नुसतं सांगितलं, "पाय काढ. परत मार. परत मार." दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा दाब आला. तेवढ्यात वेग थोडा कमी झाला, दुसरा गिअर पडला, इंजिनाने धरलं, मग पहिला. वळण पहिल्या गिअरमध्ये पार झालं आणि पुढे उजवीकडे थांबायला जागा मिळाली. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांचं. बायकोला मागे काही कळलंही नव्हतं, तिला वाटलं आम्ही फोटोसाठी थांबलो.

थांबल्यावर मी हँडब्रेक ओढायला गेलो तर अण्णांनी हात धरला. लालबुंद तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवायचा नाही, थंड होताना आकसून अडकू शकतो. इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांपुढे दगड लावायचे. त्यांनी उतरून स्वतः दोन दगड शोधले. मी पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघालो, तीही त्यांनी काढून घेतली. तापलेल्या चकतीवर गार पाणी पडलं तर ती वाकते किंवा तडकते. नुसतं बसायचं. आम्ही तासभर बसलो. नंतर पॅडल पुन्हा कडक लागलं, आणि तरी उरलेला उतार सगळा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली लीन्त्सला दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये ब्रेकचं तेल बदलून घेतलं, मगच पुढे निघालो.

एसटीत नवीन चालकाला पहिल्या आठवड्यात सांगतात म्हणे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मी कऱ्हाडात वाढलोय, हे वाक्य जेवताना शंभरदा ऐकलंय. गेली पंधरा वर्षं मी जर्मनीत ऑटोमॅटिक गाडी चालवतोय, ती हे सगळं आपोआप करते. विसरायला होतं.

बाकीच्या गोष्टी, भराभर

वेग ८० ते ९०. जर्मन हायवेवर ट्रक ८० ने जातात, तेच तुमचे सोबती. गाडीचं तोंड सपाट असल्यामुळे आडवा वारा आला की, विशेषतः पुलावर, गाडी अर्धी लेन सरकते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नका, कानच थकतात.

पेट्रोल शंभर किलोमीटरला १२-१३ लिटर. आम्हाला एकूण जवळजवळ दोनशे लिटर लागलं. भाडं वेगळं. स्वस्तातली सहल म्हणून ही करू नका, त्या पैशात तिघांची हॉटेलं आरामात झाली असती.

सोबत काय घ्यायचं: फॅनबेल्ट, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल (इंजिन मागे असल्यामुळे या केबल गाडीच्या लांबीभर धावतात आणि तुटतात), पॉइंट आणि कंडेन्सर, फ्यूज, मीटरभर पेट्रोलची नळी आणि क्लिपा. ॲक्सिलरेटरची केबल तुटलीच तर कार्ब्युरेटरवरचा स्क्रू आवळून इंजिन थोडं जोरात चालतं ठेवता येतं आणि नुसत्या क्लच-गिअरवर गाव गाठता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

कागदपत्रं. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या, मूळ स्थितीतल्या गाडीला नंबरप्लेटच्या शेवटी एच मिळतो. अशा गाडीला शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात प्रवेशाची अडचण येत नाही, आणि कर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो. हे भाड्याने घेणाऱ्यांपेक्षा विकत घेणाऱ्यांना महत्त्वाचं. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच ते चालतं.

मुक्काम. जर्मनीत रस्त्याकडेच्या वाहनतळावर एक रात्र झोपता येतं, ताजंतवानं होऊन पुढे गाडी चालवता यावी एवढ्यापुरतं. खुर्च्या-टेबल बाहेर मांडले की ते कॅम्पिंग होतं. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात कॅम्पसाइटच्या बाहेर राहणं बेकायदा आहे आणि दंड खरोखर होतो. उन्हाळ्यात आधी जागा राखून ठेवा.

आणि मुलं. बऱ्याच जणांनी लिहिलंय, आम्हाला दोन लहान मुलं आहेत. या गाड्यांमध्ये मागच्या सीटला पट्टे असतीलच असं नाही. जर्मनीत तीन वर्षांखालच्या मुलाला पट्टे नसलेल्या गाडीतून नेताच येत नाही. आणि कायदा सोडा हो, या गाडीत चालकाच्या गुडघ्यांपुढे एक पत्रा आहे आणि मग रस्ता. एअरबॅग नाही, काही नाही. आम्ही पहिली बघितलेली गाडी दिसायला दुसरीपेक्षा कितीतरी सुंदर होती, नारिंगी-पांढरी, पण मागे पट्टे नव्हते. बायको म्हणाली, "मागे मीच बसणार आहे ना? मग ही नको." विषय संपला.

एका श्रोत्याने पुण्याहून विचारलंय की अशी जुनी गाडी भारतात घेऊन हिंडता येईल का. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणली, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कारणांसाठीच. त्यामुळे व्हिंटेज नोंदणीवर कोकणात महिनाभर मुक्काम, हे जमणार नाही.

परत येताना आम्ही घाट घेतला नाही. बोगद्यांच्या हायवेने आलो. अण्णा थोडे नाराज होते, त्यांना तो रस्ता उलट्या बाजूने चढून बघायचा होता. आता ते कऱ्हाडला परत गेलेत. परवा फोनवर विचारत होते की ती गाडी विकत केवढ्याला मिळते. मी आकडा सांगितला. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "भाड्यानंच घे. पण तेल बदलल्याची पावती बघून."

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू.